आगगाडी, तारायंत्र आणि अमेरिकेंतील यादवी

आपसांतील युद्धाला मराठींत यादवी म्हणतात, आणि ज्या कथेवरून हा शब्द आला ती कथा लोखंडाची आहे. शापाच्या मुसळाचा चुरा करून तो समुद्रांत टाकण्यांत आला. पण किनाऱ्याला लागून त्याचें गवत उगवलें, आणि प्रभासक्षेत्रीं यादवांनीं तेंच उपटून एकमेकांचा संहार केला. सात्यकि आणि कृतवर्मा यांचें भांडण कुरुक्षेत्रापासूनचें, म्हणजे जुनेंच होतें. पण गवताची काडी हातांत येतांच तिचें मुसळ होईल, हें उपटणाऱ्यांपैकीं कोणास ठाऊक नव्हतें.

१८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जें युद्ध झालें तें पाहतां ही कथा आठवल्यावांचून राहत नाहीं. आगगाडीचा रूळ, तारायंत्राची तार आणि आटे पाडलेली बंदुकीची नळी हीं तीनही साधनें दोन्ही पक्षांच्या हातीं होतीं. त्यांचा युद्धांत काय अर्थ होतो, हें मात्र आरंभीं कोणत्याही सेनापतीला पुरतें उमगलें नव्हतें. तें शिकण्यास चार वर्षें लागलीं, आणि त्या शिक्षणाची फी सामान्य शिपायांनीं भरली.

युद्धाचें कारण गुलामगिरी होतें. तें संस्थानांच्या हक्कांसाठीं झालें, जकातीसाठीं झालें, असें पुढें पुष्कळ सांगण्यांत आलें. पण मिसिसिपीसारख्या संस्थानांनीं फुटून निघतांना जे जाहीरनामे काढले, त्यांत त्यांनीं आपल्याच तोंडानें गुलामगिरीचें नांव घेतलें आहे. आणि या गुलामगिरीच्या मुळाशींही एक यंत्र होतें. १७९३ सालीं एलाय व्हिटनी यानें कापसांतील सरकी वेगळी करण्याचें यंत्र तयार केलें. त्यापूर्वी आखूड धाग्याच्या कापसाची सरकी हातानें काढण्यांत इतका वेळ जाई कीं तें पीक परवडत नसे. यंत्र आलें म्हणजे मजुरांची गरज घटेल, असें कोणासही वाटावें. झालें तें उलट. सरकी झटपट निघूं लागतांच कापसाची लागवड पश्चिमेकडे पसरत गेली, आणि लागवडीला माणसें हवीं झालीं. १७९० सालीं त्या देशांत सुमारें ७ लाख गुलाम होते. १८६० च्या शिरगणतींत ते ४० लाखांच्या घरांत गेले. यंत्र श्रम वांचवितें हें खरें; कोणाचे वांचवितें आणि कोणाचे वाढवितें, हें यंत्रावरून ठरत नाहीं.

१२ एप्रिल १८६१ रोजीं चार्ल्सटन बंदरांतील सम्टर किल्ल्यावर दक्षिणेनें तोफा डागल्या. अध्यक्ष लिंकन यांनीं ७५,००० स्वयंसेवक मागविले ते तीन महिन्यांच्या बोलीनें. एखादी मोठी लढाई होईल, राजधानी पडेल, तह होईल, अशीच दोहोंकडची कल्पना होती. नेपोलियनच्या लढायांचीं वर्णनें वाचून तयार झालेल्या अधिकाऱ्यांना युद्ध म्हटलें कीं तेवढेंच सुचे. अपवाद होता तो एका वृद्धाचा. मुख्य सेनापति विनफील्ड स्कॉट हा तेव्हां ७४ वर्षांचा होता, आणि स्थूलपणामुळें त्याला घोड्यावर बसवत नसे. त्यानें योजना सुचविली ती अशी: दक्षिणेच्या साऱ्या किनाऱ्याची नाकेबंदी करावी, मिसिसिपी नदी ताब्यांत घ्यावी, आणि विळखा हळूहळू आवळावा. वर्तमानपत्रांनीं तिला अजगराची योजना म्हणून हिणविलें. जनतेला रिचमंडवर चाल करून जाणारी फौज पाहावयाची होती. पुढें युद्ध जिंकलें गेलें तें बव्हंशीं त्या म्हाताऱ्याच्याच मार्गानें. पण तोंवर तो केव्हांच निवृत्त झाला होता.

पहिल्याच मोठ्या लढाईंत आगगाडीनें आपला गुण दाखविला. २१ जुलै १८६१ रोजीं बुल रन नांवाच्या ओढ्याकांठीं उत्तरेची फौज जिंकत आली होती. परंतु दक्षिणेच्या जॉन्स्टन या सेनापतीनें शेनांडोह खोऱ्यांतील आपले लोक गाडींत घालून मनासास येथें आणले. शेवटची तुकडी तर लढाई ऐन भरांत असतां उतरली आणि तशीच रणांगणावर गेली. उत्तरेचा मोड झाला. प्रेक्षक म्हणून गाड्याघोड्यांतून आलेली वॉशिंग्टनची प्रतिष्ठित मंडळी पळणाऱ्या शिपायांच्या गर्दींत सांपडली.

या विजयानें दक्षिणेला आगगाडीचें महत्त्व कळावयास हवें होतें. तें कळलेंही, पण कळून वळण्यासारखी तेथील स्थिति नव्हती. उत्तरेकडे सुमारें २२,००० मैल लोहमार्ग होता, दक्षिणेकडे अवघा ९,०००. आंकड्यांपेक्षां खरी अडचण निराळीच होती. तेथील बहुतेक मार्गांवर दोन रुळांमधील अंतर पांच फूट होतें, तर व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांतील कित्येक मार्गांवर तें चार फूट साडेआठ इंच होतें. अंतर बदललें कीं गाडी थांबली, माल उतरला, दुसऱ्या डब्यांत चढला. रिचमंड, पीटर्सबर्ग यांसारख्या शहरांत एका कंपनीचे रूळ दुसरीच्या रुळांना मिळतच नसत; मध्यें घोड्याच्या गाड्यांनीं सामान वाहावें लागे. हे मार्ग बांधले होते ते मळ्यांतील कापूस बंदरावर नेण्यासाठीं. एक प्रांत दुसऱ्याला जोडावा हा त्यांचा हेतूच नव्हता. शिवाय नवे रूळ लाटण्याची ताकद जवळजवळ एकट्या रिचमंडच्या ट्रेडेगार कारखान्याच्या आंगीं, आणि त्याच्याकडे तोफांची व जहाजांच्या पत्र्यांची मागणी अगोदरच तुंबलेली. म्हणून दक्षिणेनें कमी वापराच्या मार्गांचे रूळ उखडून मोठ्या मार्गांची डागडुजी केली. एक धोतर फाडून दुसऱ्याला ठिगळ लावण्यापैकीं हा प्रकार होता.

त्याहून मौजेची गोष्ट राज्यकारभाराची. संस्थानांच्या व मालकांच्या हक्कांच्या नांवानें उभें राहिलेलें दक्षिणेचें सरकार खासगी कंपन्यांच्या रेल्वेंवर हात टाकण्यास युद्धाच्या अगदीं अखेरीपर्यंत कचरलें. उत्तरेच्या कायदेमंडळानें मात्र जानेवारी १८६२ मध्येंच अध्यक्षांना तो अधिकार देऊन टाकला, आणि लष्करी रेल्वेचें स्वतंत्र खातें उघडलें. त्या खात्यांत हर्मन हॉप्ट नांवाचा एक विलक्षण इंजिनियर होता. १८६२ च्या मे महिन्यांत त्यानें पोटोमॅक क्रीकवर सुमारें ४०० फूट लांबीचा व ८० फुटांहून अधिक उंचीचा पूल आसपासचें ओलें लांकूड तोडून, आणि सुतारकाम न येणारे शिपाई हाताशीं घेऊन, कामाच्या नऊ दिवसांत उभा केला. लिंकन यांनीं तो पाहिला आणि ते थक्क झाले. भरलेल्या गाड्या ज्यावरून धांवतात त्या पुलांत वेलांना लावावयाच्या काठ्या नि मक्याचीं धाटें यांपलीकडे कांहींच दिसत नाहीं, अशा अर्थाचे त्यांचे विनोदी उद्गार प्रसिद्ध आहेत.

दोन्ही पक्षांच्या कर्तबगारीची तुलना १८६३ च्या सप्टेंबरांत आपोआप झाली. दक्षिणेनें लाँगस्ट्रीट याच्या हाताखालील फौज व्हर्जिनियांतून जॉर्जियाकडे पाठविली. नॉक्सव्हिलवरून जाणारा जवळचा मार्ग शत्रूच्या हातीं पडलेला. म्हणून सुमारें ९०० मैलांचा वळसा, जुनाट इंजिनें, आणि वाटेंत गाड्यांची अदलाबदल. त्यांतून निम्म्याच्या आसपास पायदळ वेळेवर पोंचलें, आणि तेवढ्यानेंही चिकामॉगाची लढाई दक्षिणेनें जिंकली. आतां चॅटनूगा येथें कोंडलेली आपली फौज सोडविण्याची पाळी उत्तरेची होती. युद्धमंत्री स्टँटन यानें मध्यरात्रीं बैठक भरविली. इतकी फौज इतक्या लवकर जाईल यावर खुद्द लिंकन यांचा विश्वास बसेना. तरीही २०,००० हून अधिक सैनिक, तोफा व घोडे यांसह, सुमारें १,२०० मैलांचा प्रवास करून बारा दिवसांच्या आंतबाहेर तेथें जाऊन पोंचले. पायीं जावयाचें तर यालाच महिने लागले असते.

येथें बंदुकीकडे वळलें पाहिजे. या युद्धांत दोन्ही बाजूंनीं जी परदेशी बंदूक लाखांनीं विकत घेतली ती १८५३ च्या नमुन्याची एन्फील्ड. हें नांव आपल्याकडे कोणास नवें नाहीं. १८५७ सालीं जिच्या चरबी लावलेल्या काडतुसांवरून बराकपूरपासून मीरतपर्यंत शिपाई खवळले ती हीच. जुन्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा नेम शंभर यार्डांपलीकडे धरवत नसे. नळीला आंतून आटे पाडल्यामुळें व मिनिए नांवाच्या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नमुन्याची लांबट गोळी वापरल्यामुळें नव्या बंदुकीचा नेम तीनशें यार्ड व त्याहूनही पुढें लागूं शके. सेनापति मात्र लष्करी शाळेंत शिकलेलेच डाव खेळत होते: खांद्याला खांदा लावून रांगा उभ्या करावयाच्या आणि संगिनी रोखून चाल करावयाची. १३ डिसेंबर १८६२ रोजीं फ्रेडरिक्सबर्ग येथें उत्तरेच्या बर्नसाइडनें एका टेकडीखालील दगडी गडग्यावर दिवसभर एकामागून एक लाटा फेंकल्या. गडग्याआड खोलगट रस्त्यांत दक्षिणेचे शिपाई उभे होते. संध्याकाळपर्यंत गडग्याला हात लावण्याइतका जवळ कोणी गेला नाहीं. त्या लढाईंत उत्तरेचे मृत, जखमी व बेपत्ता मिळून १२,००० हून अधिक लोक खर्ची पडले. सात महिन्यांनीं, ३ जुलै १८६३ रोजीं, गेटिसबर्गला दक्षिणेच्या लीनें हीच चूक केली. सुमारें साडेबारा हजार माणसें उघड्या शेतांतून चालत गेलीं. त्यांतील निम्मीं पडलीं किंवा पकडलीं गेलीं. पहिला प्रकार लीनें टेकडीवरून डोळ्यांनीं पाहिला होता, हें लक्षांत घेतलें म्हणजे सवयीपुढें अनुभव किती दुबळा असतो तें दिसतें.

हा सारा दोष बंदुकीवर टाकण्याची रीत बरीच वर्षें होती. अलीकडच्या संशोधकांनीं तिला हरकत घेतली आहे. पुष्कळ चकमकी प्रत्यक्षांत शंभर यार्डांच्या आसपासच झडल्या. रान दाट, धूर फार, आणि नेमबाजीचें शिक्षण शिपायांना नांवापुरतें. लांबचा पल्ला असून उपयोग काय? हरकत रास्त आहे. तरीही युद्ध इतकें लांबलें कां, हा प्रश्न उरतोच, आणि त्याचें उत्तर बंदूक, खंदक व आगगाडी यांच्या संगनमतांत शोधावें लागतें. खंदकांतील माणसाला उघड्यावरील माणसापेक्षां गोळी कमी लागते, आणि हरलेल्या फौजेच्या पाठीशीं रूळ असला कीं महिन्याभरांत तिला नवीं माणसें, नवे बूट व नवा दारूगोळा मिळतो. म्हणून एका दिवसांत शत्रूचा निकाल लावणारी लढाई कोणालाच साधेना. १७ सप्टेंबर १८६२ रोजीं अँटिएटम येथें एका दिवसांत दोन्हीकडचे मिळून सुमारें २३,००० लोक मेले, जखमी वा बेपत्ता झाले. युद्ध जेथल्या तेथेंच राहिलें.

तारायंत्रानें बदल घडविला तो निराळ्या जागीं. लिंकन यांच्या निवासस्थानीं तार नव्हती. ते युद्धखात्याच्या तारऑफिसांत स्वतः चालत जात, आणि लढाई चालू असली म्हणजे रात्र रात्र तेथेंच काढीत. गुलामांच्या मुक्ततेच्या जाहीरनाम्याचा पहिला खर्डा १८६२ च्या उन्हाळ्यांत त्यांनीं तेथील टेबलाशीं बसून लिहावयास घेतला, असें त्या ऑफिसचा प्रमुख मेजर एकर्ट यानें पुढें सांगितलें. उत्तरेच्या लष्करी तारखात्यानें युद्धकाळांत सुमारें १५,००० मैल तारा टाकल्या. राज्याच्या प्रमुखाला दूरच्या सेनापतीशीं त्याच दिवशीं बोलतां यावें, ही गोष्ट इतिहासांत नवीन होती, आणि तिचा जाचही झाला. घोड्यावरील सेनापतीला खुर्चीवरून येणारा सल्ला क्वचितच गोड लागतो. तारेचें खरें चीज केलें तें ग्रँटनें. मार्च १८६४ मध्यें तो सर्वांवरचा सेनापति झाला, आणि मे महिन्यांत त्यानें शेंकडों मैल दूर असलेल्या आपल्या फौजा एकाच वेळीं हलविल्या. तोंवर दक्षिणेचा क्रम असा कीं जेथें धोका तेथें दुसरीकडची माणसें गाडीनें न्यावयाचीं. सगळीकडेच एकदम धोका उभा राहिल्यावर माणसें न्यावयाचीं कोठून?

समुद्रावरील नवलाईच्या गोष्टी अधिक प्रसिद्ध आहेत. ८ मार्च १८६२ रोजीं हॅम्प्टन रोड्स येथें दक्षिणेच्या 'व्हर्जिनिया' या चिलखती जहाजानें उत्तरेचीं दोन लांकडी जहाजें नष्ट केलीं. दुसऱ्या दिवशीं फिरत्या बुरुजाचें 'मॉनिटर' तिच्याशीं चार तास झुंजलें आणि कोणीच हरलें नाहीं. १७ फेब्रुवारी १८६४ च्या रात्रीं 'हनली' या हातानें चाक फिरवून चालविलेल्या पाणबुडीनें एक युद्धनौका बुडविली व आठ माणसांसह स्वतःही तळाशीं गेली. ती वर काढली गेली २००० सालीं. पण समुद्रावरचें खरें काम केलें तें कंटाळवाण्या नाकेबंदीनें. दक्षिणेची समजूत होती कीं आपल्या कापसावांचून इंग्लंडच्या गिरण्या बंद पडतील आणि इंग्रज धांवत येतील. या भरंवशावर तिनें १८६१ सालीं आपणच कापूस अडवून धरला. लँकेशायरचे मजूर उपाशी राहिले हें खरें; पण व्यापाऱ्यांनीं दुसरा कापूस शोधला, आणि त्यांतला फार मोठा वांटा मुंबईहून गेला.

या युद्धाचा धागा महाराष्ट्राशीं जुळतो तो येथें. वऱ्हाड, खानदेश, गुजराथ येथील रुईच्या गासड्यांना कधीं न ऐकलेला भाव आला. आलेल्या पैशाचें काय करावें हें न सुचून मुंबईंत नव्या बँका आणि समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅक बेच्या भरणीच्या शेअरांनीं शहर वेडावलें, आणि प्रेमचंद रायचंद यांच्या शब्दावर सौदे उठूं-बसूं लागले. १८६५ च्या वसंतांत दक्षिण शरण आल्याची बातमी आली आणि तो डोलारा कोसळला. बाँबे बँकेलाही पुढें गाशा गुंडाळावा लागला. प्रेमचंदांनीं भरभराटींत दिलेल्या देणगींतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा त्या दिवसांची आठवण म्हणून अजून उभा आहे. शेतकऱ्याकडे मात्र मनोरा राहिला नाहीं. भाव चढते असतां त्याला सहज मिळालेलें कर्ज भाव उतरल्यावर फिटेना, आणि १८७५ सालीं पुणें व नगर जिल्ह्यांत सावकारांच्या वह्या जळाल्या, त्यामागील कारणांत चौकशी कमिशननें या कापसाच्या तेजी-मंदीचीही गणना केली. याच युद्धाचा दुसरा परिणामही महाराष्ट्रानें मनावर घेतला. जोतीराव फुले यांनीं १८७३ मधील आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ, हबशी लोकांच्या दास्यमुक्तीसाठीं झटलेल्या अमेरिकेंतील सदाचारी लोकांना अर्पण केला.

शेवटच्या वर्षीं डावपेच बदलले. शर्मन या सेनापतीनें अटलांटा घेतलें तें लुईव्हिलपासून सुमारें ४७० मैल लांबीच्या एकेरी लोहमार्गाच्या जिवावर. त्या मार्गाची राखण करतां करतां त्याला कळून चुकलें कीं फौजेचा प्राण कोठें असतो. नोव्हेंबर १८६४ मध्यें त्यानें आपली रसद व तार स्वतःच तोडली आणि ६०,००० माणसांनिशीं समुद्राकडे कूच केलें. गांवें व शेतें लुटून फौज जगली. रूळ उखडून, स्लीपरांच्या शेकोटीवर लाल करून, झाडांच्या बुंध्यांभोंवतीं वांकविण्यांत आले, कीं ते पुन्हां सरळ होऊं नयेत. शत्रूच्या सैन्याऐवजीं त्याला पोसणारा मुलूखच मोडावयाचा, हा विचार त्यांत होता. २१ डिसेंबरला सव्हाना पडलें.

या कूचाबरोबर हजारों गुलाम मळे सोडून निघाले. त्यांना ती फौज म्हणजे सुटका वाटली. ९ डिसेंबर रोजीं एबेनेझर क्रीक नांवाच्या फुगलेल्या ओढ्यावर एका तुकडीनें होड्यांचा पूल टाकला, शिपाई पलीकडे गेले, आणि अधिकाऱ्याच्या हुकमानें पूल लगेच काढून घेण्यांत आला. मागें शत्रूचे स्वार, पुढें थंड पाणी. बायकामुलांनीं पाण्यांत उड्या घेतल्या; अनेक बुडाले, मागें राहिले ते पुन्हां धरले गेले. पूल कसा टाकावा व कसा उचलावा, हें तोंवर त्या फौजेला फार चांगलें येऊं लागलें होतें.

तिकडे पीटर्सबर्गभोंवतीं ग्रँट आणि ली यांच्या फौजा नऊ महिने खंदकांत समोरासमोर बसल्या. ग्रँटच्या खंदकांपर्यंत सिटी पॉइंट बंदरापासून खास टाकलेली रेल्वे येई. लीच्या पाठीमागील मार्ग एकामागून एक तुटत गेले. एप्रिल १८६५ मध्यें रिचमंड सोडून निघालेली लीची उपाशी फौज अमेलिया कोर्ट हाउस येथें पोंचली, तेव्हां तेथें दारूगोळा भरपूर होता, शिधा मात्र आलाच नव्हता. ९ एप्रिलला ली शरण आला. पांच दिवसांनीं लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

त्या युद्धांत मेलेल्या सैनिकांची संख्या पूर्वी सुमारें ६,२०,००० समजत. शिरगणतीच्या कागदांवरून झालेल्या अलीकडील मोजण्या तिला सात लाखांच्या आसपास व त्याहूनही वर नेतात. त्यांतील बहुसंख्य रोगानें मेले. छावणीचें पाणी शुद्ध ठेवण्याची विद्या बंदुकीच्या विद्येइतकी पुढें गेली नव्हती. काळ्या सैनिकांच्या पलटणींत सुमारें १,८०,००० माणसें लढलीं, आणि डिसेंबर १८६५ मध्यें राज्यघटनेच्या दुरुस्तीनें गुलामगिरी कायद्यानें संपली. दक्षिणेचे रूळ मात्र आणखी वीस वर्षें निराळेच राहिले. अखेर १८८६ सालीं, ३१ मे व १ जून या दोन दिवसांत, हजारों मजुरांनीं ११,००० मैलांहून अधिक मार्गांचा एकेक रूळ उखडून तीन इंच आंत सरकविला, आणि उत्तरेची गाडी माल न उतरवितां दक्षिणेंत जाऊं लागली.